लिगामेंटची दुखापत आणि ऑपरेशन नको? मग या चुका टाळा

कबड्डीत चढाई करताना पाय अडकला, गुडघ्यात 'कट्' झालं आणि तासाभरात गुडघा टम्म फुगला. दोन आठवड्यांनी सूज ओसरली, चालताही यायला लागलं. मग घरात जाहीर होतं, "लिगामेंट जुळलं!" बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात. सूज उतरणं वेगळं, लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, जुळणं वेगळं.

त्यातही कुठलं लिगामेंट, हे न विचारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गुडघ्यात मुख्य लिगामेंट चार. आतल्या बाजूचं एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर असतं आणि त्याला रक्तपुरवठा चांगला. नुसतं ताणलं असेल तर ते दोन-तीन आठवड्यांत सावरतं, अर्धवट फाटलं तर साधारण सहा आठवडे घेतं. ऑपरेशन सहसा लागत नाही. मधलं एसीएल मात्र सांध्यातल्या द्रवात असतं. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे फाटलेली टोकं सांधायला आधार मिळत नाही. शेजाऱ्याचं एमसीएल बरं झालं म्हणून तुमच्या एसीएलचा हिशोब तसाच मांडू नका.

'एसीएल कधीच जुळत नाही' हेही पूर्ण खरं नाही. स्वीडनमधल्या 121 तरुण रुग्णांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 59 जणांना आधी व्यायाम आणि गरज वाटली तरच ऑपरेशन, असा मार्ग दिला होता. दोन वर्षांत त्यांतल्या 23 जणांनी ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांना लागलं नाही. पुढे जुने एमआरआय पुन्हा पाहिले, तेव्हा फक्त व्यायामावर राहिलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत लिगामेंट जुळल्याच्या खुणा होत्या. पण ते लोक देखरेखीखाली नेमाने व्यायाम करत होते, तेल लावून वाट पाहत बसले नव्हते.

तेलाचं निघालंच आहे तर, पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं आणि झटका देऊन 'बसवणं' कटाक्षाने टाळा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, पण सांधा वाकलेलाच आखडतो आणि नंतर पाय सरळ होत नाही. उशी टाचेखाली घ्या. महिनाभर अंथरूण धरलं की मांडीचा स्नायू झिजतो. फिजिओने सांगितल्यावर गुडघा गादीवर दाबून पाच सेकंद धरायचा साधा व्यायाम लवकर सुरू करा. (मेडिकलमधली लवचिक नी कॅप धीर देते, पण फाटलेल्या लिगामेंटला आधार द्यायला बाजूला पट्ट्या असलेला हिंज ब्रेसच लागतो.)

जिना उतरताना किंवा वळताना गुडघा सटकत असेल, तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका. प्रत्येक सटकण्यात आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटायची भीती असते. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर ती फाटून मध्ये आली असण्याची शक्यता आहे, लवकर ऑर्थोपेडिककडे जा. चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे. पाऊल गार किंवा बधिर पडलं, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि मैदानावर परतायची घाई असेल, तर आधी फिजिओसमोर फक्त चांगल्या पायावर उडी मारून दाखवा, मग फक्त दुखऱ्या पायावर. दोन्ही उड्यांची लांबी टेपने मोजा; दुखरा पाय बराच मागे पडत असेल तर घाई नको.