आधी नोंदणी, मग विमान: ब्रिटनमध्ये पॅरामेडिक व्हायचंय त्यांच्यासाठी

ब्रिटनमध्ये अँब्युलन्सवर काम करायचंय म्हणून फोन करणाऱ्या मराठी मुलामुलींचा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो, दुसरा पगाराचा. एचसीपीसीचं नाव बोलण्याच्या शेवटी निघतं, आणि तोवर कुठल्यातरी एजंटला पैसे देऊन झालेले असतात.

एचसीपीसी म्हणजे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल. तिच्या रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला पॅरामेडिक म्हणवून लोकांची दिशाभूल करणं इथे गुन्हा आहे. रजिस्टर ऑनलाइन आहे, कुणीही नाव टाकून बघतो. आपल्या मंडळातले उत्साही लोक गणपतीच्या पत्रकावर ‘प्रथमोपचार: आपले पॅरामेडिक अमुक’ असं छापून मोकळे होतात. नोंदणी झालेली नसेल तर ते छापू देऊ नका. वाईट दिसलं तरी चालेल.

अर्ज भारतात बसून करता येतो, आणि तो तिथूनच करा. हे मी दर वेळी सांगते, तरी दर वेळी कुणीतरी ‘आधी येते, मग बघू’ म्हणून येतंच. नर्सेसना जशी इथे येऊन प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते तशी ठरलेली परीक्षा आपल्याला नाही. दोन असेसर तुमचे कागद वाचतात आणि तुमचं शिक्षण नि अनुभव इथल्या निकषांना पुरतो का ते ठरवतात. सगळा खेळ कागदांचा. विषयवार अभ्यासक्रम तासांसकट हवा. अँब्युलन्स, कॅज्युअल्टी, आयसीयू, लेबर रूम अशा प्रत्येक पोस्टिंगचे तास हवेत. आणि कोर्सची माहिती कॉलेजने सही-शिक्क्यानिशी द्यायला हवी. हे सगळं कॉलेज सोडायच्या आधी गोळा करा. नंतर प्राचार्य बदलतात, कोर्स बंद पडतो, ऑफिसातले ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. आणि तुम्ही बर्मिंगहॅममध्ये!

एक मुलगा दुसऱ्याच कामाच्या व्हिसावर आला, अर्ज इथून करू म्हणाला. असेसरनी पोस्टिंगचे तास मागितले, कॉलेजात फोन उचलायला कुणी नाही. शेवटी अर्ज नामंजूर झाला. तपासणीची फी परत मिळत नाही. एजंटला दिलेले लाख तर विसराच. केअर होममधल्या कामासाठी परदेशातून माणसं आणणं सरकारने जुलै 2025 मध्ये बंद केलंय, तरी ‘आधी केअर, मग अँब्युलन्स’ असं सांगणारे एजंट आहेतच. आपलीच माणसं असतात, मराठीतच गोड बोलतात. एचसीपीसीचा नोंदणी नंबर हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, दागिने मोडू नका.

इथल्या नव्या कोर्सेसना 2021 पासून ऑनर्स पदवीची अट आहे, म्हणून एका वर्षाच्या डिप्लोमावर फार भिस्त ठेवू नका. लंडनने ऑस्ट्रेलियातून शेकड्याने पॅरामेडिक आणले, कारण त्यांची पदवी इथल्या पदवीशी जुळते. आपल्याला ते सिद्ध करावं लागतं. इंग्रजीसाठी आयएल्ट्स परीक्षा दिली असेल तर एकूण 7, आणि कुठल्याही भागात 6.5 च्या खाली नाही. रायटिंगची तयारी जास्त करा.

108 वरचे बीएएमएस डॉक्टरही विचारतात. त्या पदवीवर हा रस्ता बंदच समजा.

आता कामाचं. महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी, आणि गाडीवर डॉक्टर. निर्णय डॉक्टर घेणार, आपण पेशंट उचलून हॉस्पिटल गाठायचं. इथे गाडीत डॉक्टर नसतो. मॉर्फीन द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवता, आणि त्याहून अवघड म्हणजे पेशंटला घरीच ठेवायचं की नाही हेही तुम्हीच. नव्याने आलेले भीतीपोटी सगळ्यांनाच हॉस्पिटलला नेतात, आणि मग कॅज्युअल्टीच्या दारात गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास उभे राहतात. पेशंट ‘येत नाही’ म्हणाला, तर त्याला समजून निर्णय घेता येतो का हे तपासून लिहून ठेवा. 2005 चा मेंटल कपॅसिटी कायदा पाठच करा. न लिहिलेलं कोर्टात झालेलं धरत नाहीत.

डीएनएसीपीआरचा, म्हणजे ‘हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका’ असा कागद घरात असेल आणि हृदय थांबलं, तर छाती दाबायची नाही. म्हातारी समोर जाते आणि आपण मुलीशेजारी बसून चहा घेतो. आपल्याकडे अशा वेळी नातेवाइकांनी कॉलर धरली असती. इथे ती मुलगी थँक यू म्हणते. मला हे पटायला बराच काळ गेला. अजूनही या देशाची सगळीच रीत पटते असं नाही, पण यात ते बरोबर आहेत.

पगार एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या श्रेणींनुसार, त्यांना बँड म्हणतात: नवख्यांना बँड 5, पुढे 6. रात्रपाळीचे, रविवारचे वेगळे. मंडळातले डॉक्टर ‘अँब्युलन्सवर का?’ असं नाक मुरडतील; त्यांना तुमचा रोस्टर दाखवू नका, जेवायला बोलावतील त्या दिवशी नेमकी नाइट असते.

आल्या आल्या गाडीच्या लायसन्सला लागा. भारतीय लायसन्स 12 महिने चालतं, पण ते इथे बदलून मिळत नाही. थिअरी, प्रॅक्टिकल सगळं नव्याने. बहुतेक अँब्युलन्स 3.5 टनांपेक्षा जड, म्हणून त्यापुढे सी1 हे जड गाड्यांचं लायसन्स हवं, आणि सी1 च्या अर्जासोबत डॉक्टरने भरलेला डी4 हा तब्येतीच्या तपासणीचा फॉर्म. टेस्टच्या तारखा सहजी मिळत नाहीत.