मोटरसायकलमधील नेहमीचे बिघाड कसे शोधावेत

मोटरसायकल सुरू होत नाही किंवा चालता चालता बंद पडते, तेव्हा अनेक जण आधी प्लग बदलतात, मग बॅटरी, आणि तरीही उपयोग झाला नाही की कार्ब्युरेटर उघडतात. अशाने गाडी कधीकधी सुरू होतेही. परंतु बिघाड नेमका कशात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवला की तोच खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून या लेखात भाग बदलण्यापेक्षा तपासणीच्या क्रमावर भर दिला आहे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी, एकच गोष्ट बदलावी आणि त्यामुळे काय फरक पडला हे पाहूनच पुढे जावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशामुळे सुधारली हे सांगता येत नाही.

हाताशी गाडीचे माहितीपुस्तक, प्लगचा पाना, फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, विजेरी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर असावा. विजेचे बिघाड डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे मल्टिमीटरशिवाय केलेली त्यांची तपासणी म्हणजे निव्वळ अंदाज होय. पुढे दिलेले आकडे १२ व्होल्टच्या सर्वसाधारण गाड्यांचे आहेत. माहितीपुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

पहिली पायरी : स्विच आणि पेट्रोल

हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी किल स्विच (इंजिन बंद करण्याचा हँडलवरचा स्विच) चालू आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, साइड स्टँड पूर्ण वर आहे का आणि टाकीत पेट्रोल आहे का, हे पाहावे. इंजिन न्यूट्रलमध्ये चालते आणि गिअर टाकताच बंद पडते, असे होत असेल तर बहुतेक वेळा साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसलेला असतो किंवा त्याची वायर तुटलेली असते. न्यूट्रलमध्ये सेल्फ लागतो पण क्लच दाबून गिअरमध्ये लागत नसेल, तर क्लच लिव्हरखालचा लहान स्विच तपासावा.

दुसरी पायरी : सेल्फचे बटण दाबून ऐकणे

बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवेही लागले नाहीत, तर मुख्य फ्यूज किंवा बॅटरीचे टर्मिनल पाहावे. रिले (सेल्फला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) टकटक वाजतो पण इंजिन फिरत नाही, तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीच्या मागे न लागता थेट चौथ्या पायरीकडे वळावे.

बॅटरी मोजण्यापूर्वी गाडी काही तास बंद ठेवावी. शिसे-आम्ल प्रकारची पूर्ण भरलेली बॅटरी अशा वेळी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे ती अंदाजे तीन चतुर्थांश भरलेली आहे आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मात्र केवळ हा आकडा पुरेसा नाही. मीटर तसाच लावून ठेवून सेल्फ दाबावा. या वेळी व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली घसरले, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून निकामी झालेली असण्याची दाट शक्यता आहे.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिन व फ्रेमच्या धातूशी जोडणाऱ्या वायरीची, एक चाचणी जरूर करावी. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर टेकवून सेल्फ दाबावा. जोड निर्दोष असेल तर मीटर शून्याच्या जवळपास राहतो. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवत असेल, तर अर्थिंगच्या वायरीत किंवा तिच्या बोल्टखाली गंज आहे आणि सेल्फच्या वाट्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) तिथेच खर्च होत आहे. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करावेत आणि जोड घट्ट आवळावा. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढावे आणि बसवताना ते शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

तिसरी पायरी : चार्जिंग आणि फ्यूज

नवी बॅटरी थोड्याच दिवसांत उतरत असेल तर दोष बहुधा बॅटरीचा नसून चार्जिंगचा असतो. इंजिन चालू करून ते मध्यम गतीवर, मिनिटाला साधारण ४००० ते ५००० फेऱ्यांवर ठेवावे आणि बॅटरीच्या टोकांवर मोजावे. १३.५ ते १४.८ व्होल्ट हे आरोग्याचे लक्षण होय. आकडा १५च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचा विजेचा दाब मर्यादेत ठेवणारा भाग) तो आवरू शकत नाही. अशी गाडी वापरत राहिल्यास बॅटरीतील द्रव उकळतो आणि बल्ब उडतात. आकडा १३च्या खालीच राहिला, तर स्टेटरकडून (इंजिनातील वीज तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीकडून) रेग्युलेटरकडे येणारा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, शोधावा. ज्या गाड्यांत तिथे सारख्या रंगाच्या तीन वायरी असतात, त्या गाड्यांची तपासणी पुढीलप्रमाणे करावी.

कपलरचे प्लास्टिक वितळलेले किंवा पिना काळवंडलेल्या दिसल्या, तर पुष्कळदा तपास इथेच संपतो. तसे नसेल तर इंजिन बंद ठेवून कपलर सोडवावा आणि स्टेटरच्या बाजूच्या वायरी दोन-दोन करून मोजाव्यात. तिन्ही जोड्यांचा रोध (रेझिस्टन्स) अगदी कमी आणि एकसारखा असला पाहिजे; शिवाय कोणतीही वायर इंजिनच्या धातूशी जोडली गेलेली नसावी. त्यानंतर इंजिन चालवून त्याच जोड्यांवर एसी व्होल्टेज मोजावे. तिन्ही आकडे सारखे असून फेऱ्यांबरोबर वाढत असतील तर स्टेटर ठीक आहे आणि संशय रेग्युलेटरवर व त्याच्या पुढच्या वायरिंगवर येतो. चार्जिंग होते का हे पाहण्यासाठी चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण त्यामुळे उसळणारा विजेचा दाब गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातल्यास पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायरीचे आवरण घासून तांबे फ्रेमला लागत आहे. हँडल वळताना वायरिंग जिथे वाकते ती जागा, टाकीखालचा भाग आणि सीटखालच्या कडा आधी पाहाव्यात. इंडिकेटर एकाच बाजूला नेहमीपेक्षा जलद लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो.

चौथी पायरी : इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

पेट्रोल इंजिनला योग्य क्षणी ठिणगी, पेट्रोल, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील मिश्रणाचे दाबले जाणे) लागते. यांपैकी काय कमी पडते, याचे अर्धे उत्तर प्लगच्या टोकावर मिळते. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडाच असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल, तर एकतर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. फिका तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा, कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त झाल्याची, तेलकट काळा थर इंजिन ऑइल जळत असल्याचा आणि पांढुरके टोक मिश्रण विरळ असल्याचे किंवा इंजिन फार तापत असल्याचे लक्षण मानतात.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या वायरीच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडला घट्ट टेकवावा आणि सेल्फ मारावा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग त्यापासून शक्य तितका लांब टेकवावा, सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कपलर काढून ठेवावा. प्लग अर्थ न करता सेल्फ मारू नये. त्याने इग्निशनचे युनिट खराब होऊ शकते. निळसर, कडकडणारी ठिणगी चांगली. अशक्त नारिंगी ठिणगी दिसली तर आधी प्लग, मग टोपी, मग इग्निशन कॉइल या क्रमाने जावे. प्लगमधील फट बहुधा ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते. इंजिन थंड असताना नीट चालते, तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर कॉइल किंवा पिकअप कॉइल (ठिणगीचा क्षण कळवणारी लहान कॉइल) तापल्यावर काम सोडत असावी. तिची चाचणी बंद पडल्या क्षणीच केली पाहिजे, थंड झाल्यावर केलेली चाचणी फसवी ठरते.

पेट्रोलच्या बाबतीत सर्वांत सोपी तपासणी टाकीच्या झाकणाची आहे. झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले की टाकीत निर्वात दाब तयार होतो आणि काही अंतर चालून गाडी गचके देत थांबते. अशा वेळी झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा सुरू झाली, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याची गरजच नाही. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीत जुन्या पेट्रोलचा चिकट थर पायलट जेटमध्ये (कमी फेऱ्यांवर पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात) साचतो; ही गाडी चोकवर चालते, पण चोक काढताच बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा गुणगुणणारा आवाज यायला हवा. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर एअर फिल्टर काढून पाहावा आणि मग टॅपेट (वाल्व्ह दाबून उघडणारे भाग) तपासावेत. खटखटणाऱ्या टॅपेटची सर्वांना चिंता वाटते, परंतु अगदी गप्प झालेला टॅपेट अधिक काळजीचा असतो. टॅपेट आणि वाल्व्ह यांतील फट नाहीशी झाली की वाल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि वाल्व्ह जळतो. ही फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावी.

पाचवी पायरी : गाडी चालते, पण ओढत नाही

इंजिनच्या फेऱ्या वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. प्लेटा मागवण्याआधी लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का, ते पाहावे. केबल गरजेपेक्षा ताठ असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. दुसरे कारण ऑइलचे असते. मोटारींच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि तेलात बुडालेल्या क्लचला ती मानवत नाहीत. अशा क्लचसाठी डब्यावर जासो (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए२ असे लिहिलेले ऑइल घ्यावे.

चेन सैल झाली की गिअर बदलताना झटके बसतात. चाक फिरवत चेनची सर्वांत ताठ जागा शोधावी आणि तिथेच ढिलाई मोजावी. पुष्कळ गाड्यांत ती २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. चेन गरजेपेक्षा ताठ करणे सैल ठेवण्याहून वाईट, कारण त्याचा भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चेन पुसताना इंजिन बंदच ठेवावे. चालत्या इंजिनावर फडके धरल्याने बोटे तुटल्याच्या घटना घडतात.

शेवटी ब्रेक. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर नळीत हवा शिरलेली असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ हे डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये. पॅड बदलल्यावर किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडून पुन्हा बसवल्यावर पहिल्या काही दाबांना ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी जागेवर उभी असतानाच लिव्हर टणक लागेपर्यंत दाबत राहावा आणि नंतर माणसाच्या चालण्याच्या वेगावर दोन-तीनदा थांबवून पाहून मगच गाडी रहदारीत न्यावी.