दोन लाख किलोमीटर झालेल्या एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज कसं सुधारायचं

जुनी बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ किंवा सफारी गॅरेजात नेऊन "अ‍ॅव्हरेज पडलंय" म्हटलं की बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर येतं, "नोझल-पंप काढून बघायला लागेल." म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं आणि त्यांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप. कधीकधी दोष तिथेच असतो. पण ते सगळ्यात महागडं काम आहे आणि त्याआधी फुकटात किंवा शंभर-दोनशे रुपयांत सापडणारे दोष बरेच असतात. म्हणून खालचा क्रम स्वस्तापासून महागाकडे जातो. तो मुख्यतः डिझेल गाड्यांसाठी आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या एसयूव्ही बहुतांशी डिझेलच्याच.

1. आधी खरं अ‍ॅव्हरेज काढा

टाकी फुल करा. पेट्रोल पंपावरचं भरायचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथेच थांबायला सांगा; पंपावरच्या पोराला पैसे राउंड फिगर करायची घाई असते, ती करू देऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशिनवर, तशीच फुल करा. किलोमीटरला लिटरने भागा. गावातलं आणि हायवेचं वेगळं लिहून ठेवा, आणि एका टाकीवरून काही ठरवू नका. मापाचीच शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप असतं. त्यात ओतून दाखवा असं सांगायचा ग्राहकाला हक्क आहे.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. टायर बदलताना मोठा साइज घातला असेल, तर मीटर खोटं बोलतं. बोलेरोचा 215/75 आर15 टायर साधारण 703 मिलिमीटर उंच असतो. त्याजागी रुबाबासाठी 235/75 आर15 घातला की उंची 733 होते. चाकाच्या एका फेरीत गाडी चार टक्के जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. 1,000 किलोमीटर पळालेली गाडी मीटरवर 960 दाखवते आणि मालक म्हणतो अ‍ॅव्हरेज पडलं. अर्थात रुंद, जड टायरमुळे थोडं खरंही पडतंच.

2. चाकं मोकळी फिरतात का बघा

दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा. शेवटचा किलोमीटर हळू, ब्रेक जवळजवळ न लावता या. उतरून प्रत्येक रिमच्या जवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर तिथला ब्रेक धरतोय. खात्रीसाठी सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावून ते चाक जॅकवर घ्या, गाडी न्यूट्रलला टाका, मागचं चाक असेल तर हँडब्रेक सोडा आणि हाताने फिरवा. पुढच्या चाकाला पॅड हलकं घासल्याचा आवाज येणारच. मागच्या चाकाला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा) थोडा जडपणा असतो. पण जोर लावावा लागत असेल किंवा चाक एकाच जागी अडकत असेल तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना कोरड्या पडल्यात, त्याच्या पिस्टनचं रबर फुगलंय किंवा मागच्या ब्रेकचे लायनर जास्त टाइट केलेत. पावसाळा चिखलात काढलेल्या गाडीत हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेलीच राहते. हे काम कुठलाही बरा ब्रेकवाला अर्ध्या दिवसात करतो.

3. थर्मोस्टॅट जागेवर आहे का

माझ्या मते जुन्या डिझेल गाड्यांचा हा सगळ्यात दुर्लक्षित दोष. गाडी कधीतरी गरम झालेली असते, मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकतो आणि सांगतो, "आता कधीच हीट होणार नाही." होत नाही हे खरं. पण इंजिन कधी पुरेसं तापतही नाही. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरून लवकर तापावं हे त्याचं काम. तो नसला की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, ऑइल जाड राहतं, डिझेल नीट जळत नाही. थंडीच्या दिवसांत, हायवेवर, कमी वजनात चालणाऱ्या गाडीला याचा फटका जास्त.

ओळखायचं असं: सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवा. पंखा आणि बेल्टपासून बाही दूर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडू नका. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात चटका बसण्याइतका तापतो. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. हायवेवर अर्धा तास चालवूनही टेंपरेचरचा काटा तळाशीच रेंगाळत असेल तर तेच. नवा टाकताना गाडी मूळात गरम का होत होती तेही शोधायला लावा: रेडिएटर चोकअप, पंखा, वॉटर पंप. नाहीतर जुनं दुखणं परत येईल.

4. हवा आणि अलाइनमेंट

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांत सरासरी 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी झाली की इंधनात साधारण 0.2 टक्के फटका बसतो. ऐकायला किरकोळ, पण गावाकडच्या गाड्यांत दहा पीएसआय कमी असणं काही नवल नाही.

अलाइनमेंटसाठी मशिनच्या आधी तळहात वापरा. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर पुढची चाकं तिरकी घासत चाललीत. जुन्या गाडीत आधी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट या पुढच्या चाकांच्या सांध्यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासून घ्या; ते ढिले असताना केलेलं अलाइनमेंट महिनाभरही टिकत नाही.

5. इंजिनाचा श्वास

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला हवा कमी पडतेय हे कळत नाही, ते डिझेल टाकतच राहतं आणि मागे काळा धूर निघतो. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर बदला. हवेच्या झोताने तोच तोच फिल्टर साफ करत राहिलात तर कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते.

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीत टर्बो ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) ते इंजिन या पाइपांचे जोड बघा. जोडाभोवती ताजं ओलं तेल, पिकअप मारताना सुं-सुं आवाज, काळा धूर आणि चढावर दम तुटणं: पाइप फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे. पन्नास-शंभराच्या क्लिपसाठी टर्बो रिपेअरचं बिल भरलेले लोक कमी नाहीत.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. "जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाका" हा सल्ला सरसकट घेऊ नका. जाड ऑइल ढवळायलाही डिझेल लागतं. इंजिन खरोखर ऑइल खात असेल तर गोष्ट वेगळी. क्लचही बघा: टॉप गिअरला चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय.

6. टपावरचा पसारा

रिकामा कॅरिअर उतरवा. हायवेवर तो वाऱ्याला अडवत राहतो. पुढचा लोखंडी बुल बारही काढा. केंद्राने 2017 सालीच तो बेकायदा असल्याचं स्पष्ट केलंय, आणि अपघातात एअरबॅगच्या सेन्सरलाही अडथळा होतो. मागच्या सीटखालची सिमेंटची पोती, जुने पाने, दुसरी स्टेपनी याबद्दल काय सांगायचं.

7. चालवणं

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि एसयूव्हीचा चौकोनी चेहरा त्यात भरच घालतो. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा असली तरी 80 ते 85 ला टॉप गिअरमध्ये चालवून एक टाकी मोजून बघा. वरच्या सगळ्या कामांपेक्षा हा फरक मोठा निघू शकतो.

घाट उतरताना न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बाकी हाफ क्लचवर पाय ठेवणं, एसीसाठी गाडी तासभर उभी चालू ठेवणं हे तुम्हाला ठाऊकच आहे. अडीच लिटरचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते एक लिटर पितं.

8. आता नोझल-पंप

इतकं करून दोन-तीन टाक्या मोजा. तरीही काळा धूर, खडखड किंवा सकाळी उशिरा स्टार्टिंग असेल तर आधी डिझेल फिल्टर बदला, मग नोझल टेस्ट बेंचवर, म्हणजे ते तपासायच्या मशिनवर, लावून घ्या. फवारा आपल्यासमोर दाखवायला सांगा. चांगलं नोझल धुकं सोडतं, खराब थेंब टाकतं. टाकीत टाकायच्या बाटल्या आणि इंधनाच्या पाइपला लावायची चुंबकं यांवर मात्र एक रुपया घालू नका.

पेट्रोलवाल्यांनी प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर बघावा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं घटतंच, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यावर गॅरेजात इलाज नाही.

खर्च किती करायचा याचा हिशेब साधा आहे. वर्षाला 12,000 किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 9 किलोमीटरवरून साडेदहावर आली तर 190 लिटर वाचतात. डिझेल 90 रुपये धरलं तर 17,000 रुपये. नोझल-पंपाचं कोटेशन या आकड्याशेजारी ठेवा. आणि त्याआधी गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून सैल करा, तेल उडू शकतं. झाकण धडधड उडू लागलं आणि खालून धूर भसाभसा आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग नोझल कितीही नवी टाका, अ‍ॅव्हरेज परत येणार नाही, आणि फक्त अ‍ॅव्हरेजसाठी इंजिनकाम काढणं त्या 17,000 च्या हिशेबात सहसा बसत नाही.