स्नोमोबीलच्या मागच्या सस्पेन्शनला एअर शॉक बसवताना

स्नोमोबील म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा (ट्रॅक) असलेली, बर्फावर धावणारी गाडी. तिच्या ट्रॅकच्या आत जो सांगाडा असतो, त्याला स्किड म्हणतात. त्यात दोन शॉक (धक्के शोषणारी नळकांडी) असतात, एक पुढे आणि एक मागे. बसणाऱ्याचं वजन आणि उडीनंतरचा दणका मुख्यतः मागचाच पेलतो. पोलारिसच्या आरएमकेसारख्या डोंगरी मशीनमध्ये त्यावर कॉइल स्प्रिंग असते. ती काढून एअर शॉक, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर चालणारा शॉक, लावला की काही किलो वजन उतरतं, आणि रायडर बदलला तर स्प्रिंग न बदलता पंपाने भागतं.

मशीनला टॉर्शन स्प्रिंग (शॉकपासून वेगळ्या बसवलेल्या, पिळल्यावर जोर लावणाऱ्या) असतील तर मात्र आधी थांबा. तिथे वजन त्या स्प्रिंगच घेतात, शॉकचं ब्रॅकेट फक्त हेलकावे आवरायला असतं. स्प्रिंग काढून नुसता एअर शॉक टाकला तर सगळा भार त्या ब्रॅकेटवर येतो आणि वेल्डिंग तडकतं. त्या स्किडसाठीच बनवलेलं किट मिळत नसेल तर हा नाद सोडावा.

विकत घेण्यापूर्वी जुन्या शॉकची चार मापं घ्या: दोन्ही बोल्टच्या भोकांमधलं अंतर शॉक पूर्ण उघडलेला असताना आणि पूर्ण दाबलेला असताना, बुशची (बोल्टभोवतीच्या नळीची) रुंदी, बोल्टची जाडी. लोक पहिलं माप घेतात आणि दुसरं विसरतात. नवा शॉक जुन्यापेक्षा जास्त दाबला जात असेल, तर जोरदार आपटल्यावर ट्रॅक वर जाऊन टनेलमधल्या (ट्रॅकवरच्या धातूच्या छपरातल्या) कूलरला घासतो.

मशीनचा मागचा बंपर उचलून भक्कम स्टँडवर ठेवा, ट्रॅक लोंबकळता राहू द्या. मागच्या चाकांचा ॲक्सल बोल्ट सैल करा, दोन्ही ॲडजस्टर (ट्रॅकचा ताण बदलणारे स्क्रू) किती फेरे उघडले ते लिहून ठेवा. बऱ्याच मशीनवर एवढ्याने शॉक बाजूने निघतो. नाहीच निघाला तर टनेलमधून आत गेलेले चार बोल्ट काढून स्किड खाली घ्यावा लागेल. इथे एक खोच आहे. एका बाजूचा बोल्ट पूर्ण काढला की समोरचा आतल्या शाफ्टसकट नुसता गरगर फिरतो. म्हणून दोन्हीकडचे आधी थोडे सैल करा, मगच काढा.

जुन्या कॉइलचं प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) रिंग फिरवून उतरवा, मग शॉकचे बोल्ट काढा. नवीन शॉक बसवताना बुशला ग्रीस, नवे नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट आणि मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर). व्हॉल्व्हचं तोंड अशा बाजूला ठेवा की पंपाची नळी स्किडच्या दोन लांब रुळांमधून पोचेल. हवा भरण्याआधी मशीन हळूच खाली टेकवून स्किड पूर्ण दाबू द्या. एअर शॉकचं नळकांडं जुन्या शॉकपेक्षा जाड असतं. ते कुठे घासत असेल तर आत्ताच दिसेल.

आता हवा. साधा टायरचा पंप चालत नाही, बारीक घरांचं गेज असलेला शॉक पंप लागतो. मागचा भाग उचलून, शॉक पूर्ण उघडा ठेवून, किटच्या तक्त्यातल्या तुमच्या वजनाच्या आकड्यापासून सुरुवात करा. पंप काढताना 'फस्स' होतं ती नळीतली हवा, शॉकमधली नव्हे. पंप पुन्हा लावलात तर गेज थोडं कमी दाखवेल, कारण नळी भरायला शॉकमधलीच हवा जाते. ही गळती समजून वर हवा भरत बसू नका.

बहुतेकांचं गणित चुकतं ते थंडीत. 20 अंशाच्या गॅरेजमध्ये भरलेले 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) उणे 20 अंशात सुमारे 84 होतात. व्हॉल्व्ह ठीक, सील ठीक, तरी मागचा भाग बसलेला. मशीन तासभर बाहेर ठेवा आणि मगच दाब लावा.

गेजचा आकडा फक्त सुरुवातीला, खरी कसोटी सॅगची, म्हणजे बसल्यावर मागचा भाग किती खाली जातो त्याची. मागचा बंपर हाताने वर ओढून जमिनीपासून मोजा. मग हेल्मेट, बूट, पाठपिशवी सगळं घालून बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा. फरक अंदाजे 50 ते 75 मिलिमीटर यावा. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. दाब 5-5 पीएसआयने बदला. कमी पडला तर मागचा भाग बसतो, स्की हलक्या होतात आणि मशीन वळायला तयार होत नाही. जास्त झाला तर स्टिअरिंग जड होतं आणि बारीक खळगेही कंबरेला कळतात.

सॅग बरोबर आहे तरी उडीत तळाला आपटतोय? मुख्य हवा वाढवू नका. कम्प्रेशनची (शॉक किती जड दाबला जावा हे ठरवणारी) चकती घट्ट करा, किंवा दुसरी हवाकोठी असेल तर तिचा दाब वाढवा.

शेवटी ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावा. ट्रॅक हवेत सावकाश फिरवून बघा. ज्या बाजूला ट्रॅकच्या क्लिपा (आतल्या बाजूच्या धातूच्या पट्ट्या) रुळाच्या जवळ सरकल्या असतील, त्या बाजूचा ॲडजस्टर पाव फेरा घट्ट करा. पुन्हा फिरवून बघा, मगच ॲक्सल बोल्ट आवळा.

दिवसभर फिरून आल्यावर शॉकच्या दांड्यावरचा बर्फ हाताने झाडा. रात्रभर तो गोठला तर सकाळच्या पहिल्याच दाबात सीलची कड फाटते. प्रेशर वॉशरचा फवाराही सीलवर थेट मारू नका. जुना कॉइल शॉक मात्र फडताळात राहू द्या.