फूड ट्रक काढताय? आधी पाण्याची टाकी बघा

फॉस्कॉस, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं (FSSAI) परवाना-नोंदणीचं पोर्टल, तिथली नोंदणी स्वतः करा. आम्ही केली तेव्हा लहान धंद्याची सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती आणि त्याच कामाचे एजंट हजारांत मागत होते. अर्ज दुसऱ्याने भरला की आपण कशाकशावर सही केली हेच कळत नाही, आणि तपासणीला उत्तरं आपल्यालाच द्यावी लागतात. एक मात्र ध्यानात ठेवा: या नोंदणीने गाडी उभी करायची जागा मिळत नाही. त्यासाठी महापालिका वेगळी आणि गाडीतल्या बदलांसाठी आरटीओ वेगळं.

आमचं घोडं अडलं ते पाण्यावर. नळाच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट स्वच्छ आला होता. पण गिऱ्हाईक पितं ते टाकीतलं पाणी. आमच्या फॅब्रिकेटरने टाकी ओट्याखाली अशी बंदिस्त बसवली होती की झाकणातून मूठसुद्धा आत जाईना, मग ब्रश कुठून जाणार? शेवटी नवाकोरा ओटा कापावा लागला. तो खर्च आणि गाडी बंद राहिलेले ते दिवस अजून डोक्यातून जात नाहीत.

म्हणून सविस्तर सांगते. टाकी फूड-ग्रेड हवी आणि अपारदर्शक हवी, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. झाकण एवढं मोठं हवं की कोपरापर्यंत हात आत जाईल. तळाला ड्रेन हवा. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन उन्हात तापलेल्या टाकीत टिकत नाही, त्यामुळे कालचं पाणी आज वापरायचं नाही. रात्री टाकी रिकामी करायची. सांडपाण्याची टाकी ताज्या पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी घ्या. बर्फाचं पाणी, उरलेली आमटी, ताक, सगळं तिच्यातच जातं. ती भरली की पोरं हात धुणं टाळतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. ते पाणी पावसाळी गटारात सोडू नका. हात धुवायचा नळ भांड्यांच्या सिंकपासून वेगळा ठेवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, तेव्हा टाकी कुठे बसवायची हे आधीच ठरवा.

गॅसबाबत हयगय नको. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच वापरा, घरगुती नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की गॅस खाली साचतो, म्हणून तो बाहेर जायला झरोके जमिनीलगत हवेत. वरचा एक्झॉस्ट त्याला पुरत नाही. गाडी हलवण्याआधी रेग्युलेटर बंद.

शिजवलेला भात बाहेर ठेवून संध्याकाळी परतायचा, हे बंद करा. त्यातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. थर्मामीटर स्वस्त मिळतो, घ्याच.

कामगारांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करून घ्या, टायफॉइडची लस द्या, दाखले गाडीतच ठेवा. तपासणीला घाबरू नका. कागद हाताशी आणि गाडी स्वच्छ असेल तर बोलणं सरळच होतं. व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा एखाद्या जुन्या केटररकडे दोन लग्नं भांडी घासा. पाणी किती लागतं ते तिथे कळतं. आणि गाडी बनवायला देताना टाकीचं झाकण उघडून, आत हात घालून बघा, मगच उरलेले पैसे द्या.