जुनी केनमोअर अपराइट घेताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा एकाने फोटो पाठवला. घासूनपुसून लखलखीत केलेली केनमोअर अपराइट, म्हणजे उभ्याने ढकलायचा व्हॅक्यूम क्लीनर, आणि खाली प्रश्न, "हिला बेल्ट कुठला बसेल?" बेल्ट म्हणजे मोटरवरून ब्रश फिरवणारा रबरी पट्टा. मी म्हटलं, तळाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर सांगा. पाटी कोरी होती. साफसफाईत अक्षरं निघून गेली होती.

केनमोअर हे त्या काळी सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीचं स्वतःच्या दुकानांपुरतं नाव होतं. मशीन बनायची दुसऱ्याच कारखान्यात. कुठल्या, ते मॉडेल नंबरात टिंबाच्या आधीचे तीन आकडे सांगतात. 110 म्हणजे व्हर्लपूल, 363 म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, शिलाई मशीनवर 385 दिसला तर जानोमे. व्हॅक्यूमवर बहुतेकदा 116 असतो, पण तेवढ्यावर थांबू नका. व्हर्लपूलने 1990 मध्ये व्हॅक्यूमचा धंदा पॅनासॉनिकवाल्या मात्सुशिताला विकला, तरी 116 तसाच राहिला. म्हणून टिंबानंतरचे सगळे आकडे आणि शेवटचं अक्षरसुद्धा लागतं.

मला हे नुकसान सोसून कळलं. शिकागोजवळच्या एका गराज सेलमधून पहिली केनमोअर आणली आणि उत्साहाच्या भरात तळाची पाटी थिनरने पुसली. मग जुना बेल्ट शेजारी ठेवून डोळ्यांनी माप घेतलं. पण वापरलेला बेल्ट ताणलेला असतो, त्यावरून माप कधीच मिळत नाही. मी अंदाजाने दोन नंबर आखूड घेतला, ओढूनताणून बसवला. मशीन चालली, पण आवाज जड येत होता. दहाव्या मिनिटाला रबर जळल्याचा वास आला. उघडून पाहिलं तर ब्रश रोलच्या, म्हणजे गालिचा झाडणाऱ्या फिरत्या ब्रशच्या, टोकाची प्लास्टिकची टोपी वितळून बाजूच्या भिंतीला चिकटली होती. तसा रोल मला पुढे दोन वर्षं मिळाला नाही.

आता मशीन घरात आली की मी आधी पाटीचे तीन फोटो काढतो, त्यातला एक बॅटरी तिरकी धरून. पुसट ठसे तिरक्या उजेडात उठतात. नंबर कागदावर लिहून हँडलला बांधतो. मगच ओलं फडकं हातात घेतो, आणि पाटीला तेही लावत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढा धीर नसेल त्यांनी जुन्या मशीनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेल्ट सैल असेल तर गालिच्यावर ठेवताच ब्रश थांबतो आणि मोटरचा आवाज चढतो. घट्ट असेल तर आवाज दबतो. हा फरक कानाला कळेपर्यंत मशीन गालिच्यावर फिरवू नका.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हारी लागते. आतली मोटर, ज्या कंपनीने मशीन बनवली तिच्या स्वतःच्या नावाच्या मशीनसारखीच निघाली की लोक हूडही, म्हणजे पुढचं वरचं झाकणही, त्याच मशीनचं लावून मोकळे होतात. अहो, दुकानासाठी काढलेल्या मशीनचं वेगळेपण बाहेरच असतं: रंग, बिल्ला, दिव्याची काच, पिशवीवरची छपाई. दुसऱ्या दुकानसाखळ्यांची नावं, माँटगोमेरी वॉर्डची सिग्नेचर घ्या नाहीतर जे. सी. पेनीची पेनक्रेस्ट, तिथेही हेच. मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश त्या भावंड मशीनचे खुशाल घाला. तडकलेला हूड मात्र आतून चिकटवून तोच ठेवा. फाटकी कापडी पिशवीसुद्धा फेकू नका.

पाटीवरचं पेटंटचं साल म्हणजे मशीनचं साल नव्हे. साल शोधायचं तर सीअर्सचे जुने कॅटलॉग चाळा. मोठा कॅटलॉग 1993 मध्ये बंद झाला. त्यातला मागणीचा नंबर आणि मशीनचा मॉडेल नंबर वेगळे असतात, हेही ध्यानात ठेवा.

हँडलपाशी वायरचं रबर तडकलं असेल तर टेप गुंडाळू नका, वायर बदला.

नाणी, खिळे आधी हाताने वेचा. ज्या अपराइटमध्ये कचरा पंख्यातून पिशवीत जातो, तिथे एक नाणं पातं तोडतं.

आणि मशीन पुण्या-मुंबईला नेणाऱ्यांनो, पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. 120 व्होल्टच्या मोटरला 230 मिळाले की ती काही क्षणांत जळू शकते. पाटीवरचे अँपिअर गुणिले 120 करा: 8 अँपिअर असतील तर 960 वॉट. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर 1500 वॉटचा घ्या, आणि तो घरात आल्याशिवाय मशीनचं खोकं उघडू नका.