भुताने खुनी सांगितला, आता पोलिसांनी काय करायचं? अलौकिक गुन्हेमालिका लिहिताना या चुका टाळा

पहिला आठवडा बहुतेक मालिकांचा झकास जातो. चाळीच्या जिन्यात सावली दिसते, नवीन पीएसआय चार्ज घेते, गिरणीच्या पाडकामात मानवी हाडं सापडतात. मग तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक अडकतो आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "भूतच येऊन सांगेल की कुणी मारलं ते!" सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मालिका तिथेच बसते. मग गुरुवारी टीआरपी आला की डोकं खाजवत बसायचं.

भुताकडून तपास करून घेऊ नका

गुन्हेकथेत प्रश्न दोन असतात: कोणी केलं, आणि ते सिद्ध कसं करायचं. पहिल्याचं उत्तर भुताला खुशाल देऊ द्या, अगदी पहिल्याच एपिसोडच्या शेवटी. दुसऱ्याच्या आसपास मात्र त्याला फिरकू देऊ नका. नाव कळल्यावरच आपल्या पीएसआयची खरी पंचाईत सुरू होते. तिला सगळं ठाऊक आहे आणि कागदावर काहीच नाही.

कायदा इथे लेखकाच्या मदतीला येतो, पण त्यासाठी तो वाचावा लागतो. मृत्युपूर्व जबाब कोर्टात चालतो, मृत्यूनंतरचा नाही. पोलिसासमोर दिलेली कबुलीही चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. म्हणजे लॉकअपमध्ये भूत बघून खलनायक "होय, मीच मारलं!" असं ओरडतो आणि केस संपते, हा शेवट बाद. तसाही तो पाहून पाहून कंटाळा आलाय. पण त्याच कलमात एक वाट ठेवलेली आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंध असलेला तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. मग भुताने खलनायकाला घाबरवायचं ते कबुलीसाठी नाही, तर पंचांसमोर "दाखवतो, चला" म्हणायला लावण्यासाठी. तो सीन लिहायला जास्त मजा आहे, कारण त्यात भुताला पंचांच्या नजरेत न येता काम साधायचंय.

आणि आरोपी हातात नसताना भुतानेच जागा दाखवली तर? रात्रीचे अडीच. पीएसआय स्टेशन डायरी उघडून बसलीय. "बंद गिरणीच्या बॉयलर हाऊसमागे," एवढंच तिला कळलंय. पेन टेकवते, थांबते, मग लिहिते: "गोपनीय बातमीदाराकडून खात्रीलायक माहिती मिळाली की..." जुने हवालदार खांद्यावरून वाचतात.

"मॅडम, बातमीदार कोण?"

"आहे एक. गिरणगावातलाच."

"जिवंत आहे ना?"

गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही, ही तरतूद इंग्रजांच्या काळापासून आहे. त्यामुळे बातमीदार म्हणून भूत एकदम फिट. पण उलटतपासणीत बचावाचा वकील विचारणारच: एवढी नेमकी जागा तुम्हालाच कशी कळली? वस्तू तुम्हीच पुरली होती ना? भुताची माहिती जितकी अचूक, तितकी पीएसआय गोत्यात. या एका तिढ्यावर अख्खा सीझन निघतो आणि त्यात एकही किंकाळी लागत नाही.

भूत जुनं असेल तर तारखा सांभाळा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाचं कलम जुन्या दंड संहितेतल्या 302 ऐवजी 103 झालंय, म्हणून काही लेखक सरसकट 103 लिहितात. तुमचा कामगार गिरणी संपात, म्हणजे 18 जानेवारी 1982 नंतरच्या त्या दिवसांत मेला असेल, तर गुन्हा तेव्हाचा आहे आणि कलम 302 च लागणार. खुनाला मुदतीची अडचण नाही, चाळीस वर्षांनीही गुन्हा नोंदवता येतो. आरोपी मात्र आता सत्तरी ओलांडलेला, नातवंडांत रमलेला म्हातारा असेल. त्याला धरून न्यायची वेळ आली की प्रेक्षक कुणाच्या बाजूने उभा राहतो, ते बघा.

नियम मधेच बदलू नका

एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपली, रोज शूट रोज टेलिकास्ट सुरू झालं, की सोमवारी भिंतीतून जाणारं भूत गुरुवारी दार वाजवतं. प्रेक्षक हे पकडतो. यावर एकच उपाय: भुताला काय जमतं आणि काय जमत नाही ते एका कागदावर लिहून प्रत्येक नव्या संवादलेखकाच्या हातात द्या. कागदावर एक ओळ हमखास हवी: ते मोबाईलच्या व्हिडिओत दिसतं का? नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणजे हा प्रश्न तुम्हाला चुकवता येणारच नाही.

आपल्याकडे भुतांच्या जाती ठरलेल्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. मुंजा पिंपळावरचा, गिऱ्हा पाण्यातला, हडळीचे पाय उलटे. रिडेव्हलपमेंटसाठी पिंपळ तोडला तर मुंजा जातो कुठे, हा मुंबईचा अस्सल प्रश्न आहे. आणि सिंधुदुर्गातून गिरणीत आलेला माणूस मेल्यावर एकदम प्रमाण मराठी का बोलायला लागतो? "माझी हत्या करण्यात आली" हे भूत बोलतंय की प्रेसनोट? "माका मारल्यानी" म्हणू द्या त्याला.

वाड्याची शांतता चाळीत आणू नका

मुंबईत निर्जन रात्र शोधावी लागते. शेवटची लोकल एकच्या सुमारास जाते, पहिली चारच्या आसपास येते आणि मधल्या वेळातही रुळांवर दुरुस्तीची माणसं असतात. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे कुणी किंचाळलं तर अख्खा मजला दारात येतो आणि पाठोपाठ "काय झालं गो?" येतंच. म्हणून इथली भीती गर्दीतली हवी: हाताच्या अंतरावर सहा माणसं झोपलीत आणि दिसतं फक्त एकीला. रुळावर प्रेत सापडलं असेल, तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो, शेजारच्या ठाण्याकडे नाही. हद्दीची ही ओढाताण फुकटात मिळणारा संघर्ष आहे, तो वाया घालवू नका.

मांजर उडी मारते, पाठोपाठ ब्रेक. हे आठवड्यातून एकदा पुरे.

मांत्रिकाला तपास अधिकारी करू नका

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बाईला मारहाण करणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. आपली पोलीस नायिका तो प्रकार हात बांधून बघत उभी राहते, तेव्हा गोष्टीतलं पोलीस ठाणंच खोटं पडतं. तिला तिथेच गुन्हा नोंदवू द्या. भूत खरं आणि मांत्रिक भोंदू, हे दोन्ही एकाच मालिकेत मजेत नांदू शकतं.

भूत आधीच जास्त बोलून गेलं असेल तर

ऑन एअर गेलेलं मागे घेता येत नाही, पण भुताचं चुकू शकतं. मेला म्हणून माणसाला सगळं कळायला लागत नाही. मरताना त्याने जेवढं पाहिलं, तेवढंच त्याला ठाऊक. त्याने शेवटचा चेहरा पाहिला तो समोर उभ्या असलेल्या मुकादमाचा. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला अहवाल जाहिरातींच्या ब्रेकमध्ये न आणता पंधरा एपिसोड लांबवा आणि मग त्यात येऊ द्या की कवटी मागून फुटलीय. तोवर मॅडमनी मुकादमाला उचललेलं असेल. चार्जशीटची तारीख डोक्यावर आलेली असेल, आणि ज्याच्या शब्दावर अटक केली तो बातमीदार त्या रात्री येणारच नाही.